नाय म्हणायची पद्धत

माझं नाव गंगाराम घाडी. धंदा पुस्तकं बांधायचा, मान गाऱ्हाणं घालायचा. पहिलं मुंबईत शिकलो, दुसरं बापाकडून आलं. दोन्हींत माझ्या तोडीचा माणूस ह्या खाडीच्या काठी दुसरा नाही. हे मीच सांगून टाकतो, कारण आमच्या गावात दुसऱ्याचं चांगलं सांगायची चाल नाही.

बावीस वर्षं गिरगावात एका बाइंडिंगवाल्याकडे दाभण चालवलं. पंचावन्न साली थोरला भाऊ गेला आणि गावाहून पत्र आलं, की घाड्यांच्या घरात गाऱ्हाणं घालायला पुरुष उरला नाही, ताबडतोब निघून या. आलो. आमचं गाव मसुऱ्याच्या अलीकडे, होडीने खाडी उतरलं की समोर दिसतं. दिसण्यासारखं त्यात देऊळ आहे, शाळा आहे आणि दाजी परबाचं पोट आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी गाऱ्हाण्याचं सांगतो. वर्षातून चार-पाच वेळा सगळा गाव देवळात जमतो. घाडी देवासमोर नारळ धरून उभा राहतो आणि गावाच्या वतीने देवाशी बोलतो. पाऊस वेळेवर दे, पीक दे, मुंबईत गेलेल्या लेकरांना सांभाळ, कुणाची चूकभूल झाली असली तर पदरात घे. प्रत्येक वाक्य संपलं की मागे उभे असलेले सगळे पुरुष एका आवाजात म्हणतात, "व्हय म्हाराजा." मी बोलायचं, गावाने व्हय म्हणायचं, देवाने ऐकायचं. देव ऐकत असेल. गाव ऐकत नाही, हे मला इतिहासाच्या पुस्तकांमुळे कळलं.

ती पुस्तकं माझ्याकडे आली हरिश्चंद्र मास्तरांकडून. मास्तर शाळेच्या पडवीत वाचनालय चालवत. वाचनालय म्हणजे दोन कपाटं आणि एक पाटी. एके दिवशी डोक्यावर गोणपाट बांधलेला गडी घेऊन मास्तर माझ्या दारात उभे. गड्याने ओझं खाली ठेवलं तर आत चाळीसेक पुस्तकं, सगळी वाळवीने चाळण केलेली, आणि सगळी इतिहासाची.

मी विचारलं, "मास्तर, कादंबऱ्यांक वाळवी लागाक नाय?"

मास्तर म्हणाले, "कादंबऱ्या कपाटात राहतात कुठे? कादंबऱ्या माणसं खातात. वाळवीच्या वाट्याला इतिहास येतो."

ते काम मी फुकट घेतलं. वेळ होता आणि हाताला सवय होती. खळ शिजवायची, त्यात मोरचूद टाकायचा म्हणजे पुन्हा कीड लागत नाही, जुनी शिलाई उसवायची, फर्मे, म्हणजे पानांचे जुडगे, सुटे करायचे, क्रम लावून पुन्हा शिवायचे. आता क्रम लावायचा तर पानं बघावी लागतात. बघता बघता मी वाचायला लागलो. वाळवीला आगापिछा नसतो, त्यामुळे पुष्कळदा पुस्तकाचा शेवट शाबूत आणि सुरुवात गायब. राज्य बुडालेलं मी आधी वाचायचो आणि स्थापन झालेलं आठ दिवसांनी, मास्तरांनी दुसरी प्रत कुठून तरी मिळवून दिली की. असा इतिहास वाचला ना, की राज्याभिषेकाच्या वर्णनाने ऊर वगैरे भरून येत नाही. पुढचं ठाऊक असतं.

दुपारी तुळसा यायची. तुळसा मासे विकते. सकाळी बाजार करून परत जाताना रिकामी टोपली माझ्या ओट्यावर टेकवायची, पान लावायची आणि म्हणायची, "गंगारामानू, आज कोण मेलो?" तिला लढाया आवडायच्या नाहीत. लढाईत सगळे सारखेच मरतात म्हणायची. तिला दरबार आवडायचे.

मी एकदा तिला एका पातशहाचं वाचून दाखवलं. शत्रू वेशीशी आला तरी दरबारातला एकजण त्याला खरं सांगेना. जो तो मान डोलवत होता.

तुळसाने विचारलं, "तेका बायल नाय होती?"

"सात होत्यो."

"मग एक तरी बोलली आसतली. लिवणारो बापयो, तेणी लिवक नाय." आणि टोपली उचलून निघून गेली.

हे माझ्या डोक्यात राहिलं. बायकोचं नाही, मान डोलवण्याचं. मी मग पुस्तकामागून पुस्तक तपासलं. राज्य कुणाचंही असो, वरचा असो की खालचा, आपला असो की परका, बुडायच्या आधीच्या दहा-बारा पानांत एक दरबार भरलेला असतोच, आणि त्यात सगळे "जी हुजूर" म्हणत असतात. मला हसू यायचं. किती मूर्ख असावीत माणसं. मग शिमग्याला मी गाऱ्हाणं घालायला देवळात उभा राहिलो, मागून "व्हय म्हाराजा" आलं, आणि माझ्या हातातला नारळ पडायचा राहिला. तो दरबार माझ्या पाठीमागेच भरलेला होता की.

मग मी एक आगाऊपणा केला. देवाने माफ करावं, गावाच्या माफीची मला गरज नाही. गाऱ्हाण्याच्या ठरलेल्या सुरात, मध्येच, मी म्हटलं, "आणि बा देवा म्हाराजा, ही जी मिरची आमी खातो, ती आमची नाय, फिरंग्यान बोटीतून हाडलेली आसा."

"व्हय म्हाराजा."

"काजू पण तेचोच."

"व्हय म्हाराजा."

कुणाची पापणी हलली नाही. पुढच्या जत्रेला मी धीर केला. "ह्या गावच्या पंचायतीत दाजी परबाच्या रेड्याक सरपंच केलो, तरी गावाचा काय एक बिघडूचा नाय."

"व्हय म्हाराजा." सगळ्यांत खणखणीत आवाज दाजी परबाचा होता. दाजी गावचा पहिला मानकरी, आणि सरपंचही तोच.

तीन वर्षं मी हे केलं. दर गाऱ्हाण्याला एखादं वाक्य. घरी येऊन तुळसाला सांगायचो आणि आम्ही दोघं पोट धरून हसायचो. साठ सालच्या मे महिन्यात नवं राज्य झालं, शाळेत झेंडा लागला, ढोल-ताशे झाले. आता राजे नाहीत, लोकांचं राज्य, असं एका पुढाऱ्याने येऊन सांगितलं. खाडीवर पूल होणार, असंही सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. तोच पुढारी त्याच पुलासाठी आधी दोनदा येऊन गेला होता, आणि तेव्हाही ह्याच माना डोलल्या होत्या. मी ओट्यावर बसून म्हणायचो, दोनशे वर्षांत आमच्यात काय बदललं असेल तर पातशहाच्या डोक्यावर टोपी आली. फार शहाणा समजत होतो मी स्वतःला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. आता ते सांगतो.

माझी मुलगी जानकी. बायको गेल्यावर मी वाढवलेली, म्हणजे तिनेच मला वाढवलं म्हणा. सातवी फायनल झाली, लग्न झालं, दोन वर्षांत नवरा मुंबईत विषमज्वराने गेला. एकोणिसाव्या वर्षी परत आली. ती आली तेव्हा पांढऱ्या फडक्यात दोन लुगडी आणि एक शाईची दौत होती, बस.

त्या दौतीने तिने गाव बांधून घेतलं. आमच्या गावातले निम्मे पुरुष मुंबईला, आणि मागे राहिलेल्यांत लिहिता येणारे चार. त्यातले तीन मास्तरांसकट शाळेत अडकलेले. चौथा मी, पण माझ्या तोंडाला कुलूप नाही म्हणून माझ्याकडे कुणी पत्र आणत नसे. मग पत्र आलं की जानकी, उत्तर लिहायचं की जानकी. सासूबद्दलची तक्रार, म्हशीचं वेत, मुलगा दारू पितो असं कानावर आलं ते खरं का, सगळं तिच्या कानातून आणि हातातून जायचं. दाजी परबाचे तीन मुलगे मुंबईत. आठवड्याला तीन पत्रं एकट्या दाजीची. जानकी काही घ्यायची नाही आणि दाजीने कधी काही दिलं नाही.

त्याच साठ सालच्या एप्रिलात मास्तरांनी बातमी आणली होती. सावंतवाडीला बायकांना शिक्षिका करायचा दोन वर्षांचा वर्ग आहे, राहायची सोय आहे, जानकीला घेतील. वर्ग मिरगानंतर सुरू. त्या दिवशी जानकीने भाकरी थापताना गाणं म्हटलं. नवरा गेल्यापासून तिच्या तोंडी मी गाणं ऐकलं नव्हतं. मला बरं वाटलं, इतकं बरं वाटलं की मी मास्तरांच्या पुस्तकांना कापडी पाठी घातल्या.

दाजीला हे कळलं, आणि दुसऱ्या दिवशी दाजी माझ्या ओट्यावर.

दाजी बसला की आधी थोडा वेळ नुसता श्वास घेतो. मग म्हणाला, "गंगाराम, तुझा घर म्हणजे देवळाचा घर. गाऱ्हाण्याचो मान तुमचो. आसल्या घरातला विधवा चेडू परगावात जावन ऱ्हवला, तर लोक काय म्हणतले?"

मी खळीत काठी फिरवत राहिलो.

"पूर्वापार आपल्यात ह्या घडाक नाय."

आता पूर्वापार म्हटलं की माझ्या अंगाला खाज सुटते. चाळीस पुस्तकं बांधलेला माणूस मी. दाजीच्या पूर्वापारात काय काय होतं ते मला पानागणिक ठाऊक होतं. तो जे पान खात होता त्यातला तंबाखू पूर्वापार नव्हता. ज्या पत्रांसाठी त्याला जानकी गावात हवी होती, ते पोस्टही पूर्वापार नव्हतं, इंग्रजाचं. दाजीचं पूर्वापार दाजीच्या आजोबापाशी संपत होतं. हे सगळं माझ्या जिभेवर तयार होतं. दाभण ओवलेलं होतं, नुसतं टोचायचं होतं.

दाजी म्हणाला, "मान जपूचो तर घर जपूक व्हया. काय? बरोबर मां?"

आणि मी म्हटलं, "व्हय."

नुसतं व्हय नाही. "व्हय, दाजीनू."

दाजी उठला, जाताना आत बघून म्हणाला, "जानकी, धाकट्याक पत्र लिवचा आसा गो, सांजच्याक येतंय." आणि गेला.

मी मान वळवली तर जानकी दाराच्या चौकटीत उभी. तिने सगळं ऐकलं होतं. मला वाटलं रडेल, भांडेल. ती आत गेली. पुढचे चार दिवस माझ्याशी बोलली नाही. जेवायला वाढायची, चहा द्यायची, त्यात साखर नसायची. दाजी संध्याकाळी आला तेव्हा त्याचं पत्र लिहून दिलं, नेहमीसारखंच नीट.

पाचव्या दिवशी मी पुस्तकाला पुठ्ठा लावत होतो. ती ओट्यावर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, तुमी पुस्तकां नुसती बांधतास. वाचणास नाय."

दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी दाभण फेकून मारलं असतं. पण ती खरं बोलत होती. तीन वर्षं सगळ्या गावाला हसलो, आणि माझी पाळी आली तेव्हा त्या पातशहाच्या दरबारात मी पहिल्या रांगेत बसलो होतो, तेही माझ्याच मुलीच्या गळ्यावर पाय देऊन. मला स्वतःची लाज वाटली. खोटं कशाला सांगू, त्या दुपारी मी जेवलो नाही.

संध्याकाळी मला युक्ती सुचली. मी स्वयंपाकघराच्या दाराशी बसलो आणि म्हटलं, "जानकी, आयक. मिरगाच्या आधीच्या आयतवारी गावाचा गाऱ्हाणा आसा. थंय मी तुझा घालतंय मधीच. सुरात. कोण आयकणा नाय, सगळे व्हय म्हणतले. एकदा देवासमोर व्हय म्हटला की दाजीचो बापूस इलो तरी तेका फिरवूक येवचा नाय."

हे खरं होतं. गाऱ्हाण्यात गावाने व्हय म्हटलेली गोष्ट आमच्याकडे दगडावरची रेघ. ती मोडली तर गावावर कोप होतो असं समजतात, आणि मोडायची हिंमत दाजीतही नव्हती.

जानकीने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. म्हणाली, "नको."

"नको कित्याक?"

"मी काय काजू की मिरची? माझा नाव चोरून घालू नकात. इचारूचा आसला तर थांबून इचारा, सगळ्यांक आयकाक येयत असा. नायतर नको."

"आणि नाय म्हटल्यानी तर?"

"तर नाय म्हटल्यानी," ती म्हणाली आणि डाळीला फोडणी दिली.

पाच जूनचा रविवार. मे महिन्याला आलेले मुंबईकर अजून परतले नव्हते, त्यामुळे देऊळ खच्चून भरलेलं. पुरुष आत, बायका बाहेर डाव्या अंगाला पडवीत. तुळसाही होती, टोपली पायरीशी ठेवून. बाजारातून थेट आली होती, मासे विकून व्हायचे होते. जानकी आली नाही. तिला यायला बंदी नव्हती, पण विधवा समोर आली की चार तोंडं वाकडी होतात, म्हणून ती येत नसे.

मी नारळ धरला. बापाने शिकवलेलं सगळं म्हटलं, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या देवा म्हाराजा. व्हय म्हाराजा. आज ही तुझी लेकरां एका ठायी जमली आसत. व्हय म्हाराजा. पेरणी तोंडावर आली, पावसाक हुकूम कर. व्हय म्हाराजा. खाडीत गेलेल्याची होडी सुखरूप आण. व्हय म्हाराजा.

मग मी थांबलो.

गाऱ्हाणं मध्ये थांबत नाही. नदी थांबल्यासारखं झालं. मागे कुणीतरी सवयीने एकट्यानेच "व्हय म्हाराजा" म्हटलं आणि ओशाळून खोकला. मी मागे वळलो. देवाकडे पाठ करू नये म्हणतात, मी अर्धा वळलो.

"आता जरा कान देवन आयका," मी म्हटलं. "सुरात सांगणय नाय, साधा सांगतंय. माझा चेडू जानकी सावंतवाडीक शिकाक जावक बघता. दोन वर्सां थंय ऱ्हवतला, मास्तरीण होतला. दाजींनी माका इचारला, ह्या बरोबर नाय मां? मी व्हय म्हटलंय. ता माझा चुकला. मी भियालंय. आता देवासमोर सगळ्यांक इचारतंय. तेणी जावचा, आणि गावान तेका आडवा येवचा नाय. जेका व्हय म्हणूचा आसा तेणी व्हय म्हणा. जेका नाय म्हणूचा आसा तेणी नाय म्हणा."

आणि पुन्हा देवाकडे तोंड करून उभा राहिलो.

शांत. इतकं शांत ते देऊळ मी कधी पाहिलं नव्हतं. पडवीतलं एक पोर रडत होतं तेही गप्प झालं. मला पुस्तकातलं काहीच आठवेना. फक्त एवढं कळत होतं, की ह्यांनी नाय म्हटलं तर मी घरी जाऊन कोणतं तोंड दाखवणार आहे.

मग मागून एक म्हातारा कुजबुजला, "दाजी, तू बोल."

सगळे दाजीकडे बघत असणार. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. दाजी माझ्या उजव्या हाताला, मानकऱ्यांत पहिला. हात जोडलेले, तोंड उघडलेलं, आणि तोंडातून काही येत नव्हतं.

"ह्या गाऱ्हाण्यात इचारूची पद्धत नाय," दाजी शेवटी म्हणाला.

"गाऱ्हाणा म्हणजे इचारणाच," मी म्हटलं. "तुमका पटणा नाय तर नाय म्हणा, दाजीनू. एकच शब्द आसा."

दाजीने ओठ ओले केले. "ना..." एवढं आलं आणि अडकलं.

तेवढ्यात तो मघाचा म्हाताराच म्हणाला, "थांब रे दाजी. गाऱ्हाण्यात नाय म्हणूची पद्धत नाय. माझ्या आज्यान म्हणूक नाय, पणज्यान म्हणूक नाय. पेरणी तोंडावर, आणि तू देवाच्या तोंडावर नाय म्हणतलंस?"

आता गंमत बघा. हा म्हातारा काही जानकीच्या बाजूचा नव्हता. तोही मनातून नायच म्हणत होता. पण नाय म्हणायचं कसं हे त्या शंभर-दीडशे बाप्यांत एकालाही ठाऊक नव्हतं. सात पिढ्यांत ते कुणी म्हटलंच नव्हतं. पूर्वापार जपणारा दाजी आता पूर्वापार मोडणारा पहिला माणूस होणार होता. बियाणं घराघरांत भिजत पडलेलं. उद्या पाऊस लांबला तर नाव कुणाचं निघेल? दाजीचं. हे दाजीला कळत होतं, आणि दाजीला कळतंय हे सगळ्यांना कळत होतं. मी मात्र शपथेवर सांगतो, हे मी योजलेलं नव्हतं. एवढी अक्कल मला असती तर मी ओट्यावर व्हय म्हटलंच नसतं.

दाजी उभा. आम्ही उभे. ऊन चढत चाललं.

पडवीतून तुळसाचा आवाज आला. "दाजीनू, व्हय काय नाय ता काय ता एकदा सांगा. माझो म्हावरो उनात आसा."

बायका फिसकन हसल्या. देवळात, गाऱ्हाण्यात, बायका हसल्या. एक मुंबईकर पोरगा हसला. मग आणखी कुणी. दाजी लालबुंद झाला, त्याने डोळे मिटले, आणि गळ्यातल्या गळ्यात, स्वतःलाही ऐकू जाऊ नये अशा बेताने, म्हणाला, "व्हय..."

पुढचं त्याला म्हणावं लागलं नाही. तो अर्धा शब्द कानावर पडला मात्र, साऱ्या गावाने मोकळा श्वास सोडावा तसं देऊळ दुमदुमलं, "व्हय म्हाराजा."

मी नारळ फोडला. तो सरळ दोन भकलांत फुटला. लोक म्हणाले शुभ झालं. तो कसाही फुटला असता तरी मला शुभच वाटला असता.

घरी मी धावत आलो म्हटलं तरी चालेल. पन्नाशीचा माणूस, धोतर सावरत, खळ्यातून हाका मारत. जानकी ओटीवर बसून कुणाचं तरी पत्र लिहीत होती. मी तिला सगळं सांगितलं, दाजीच्या तोंडासकट. दाजीचं 'ना' कसं अडकलं ते दोनदा करून दाखवलं. तुळसाचं सांगितलं तेव्हा ती मोठ्याने हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मला वाटलं आता उठेल, पाया पडेल, निदान चहात साखर घालेल.

तिने पत्रावर सही केली, शाई वाळवली आणि म्हणाली, "बरा झाला."

तेव्हा मला तिच्या मागे भिंतीशी ठेवलेली ट्रंक दिसली. कुलूप लावलेली, वर सुंभाने आवळलेली. वर लुगड्याची गाठोडी.

"ही कधी बांधलंस?"

"सकाळी. तुमी देवळात गेल्यार."

"म्हणजे माझ्यार भरवसो होतो तुझो," मी म्हटलं, आणि सांगतो, मला फार सुख झालं.

जानकीने माझ्याकडे बघितलं. तिच्या आईची बघायची पद्धत होती तशी, दया येते तेव्हाची.

"बाबा, होडयेवाल्याक मी बुधवारीच सांगून ठेवलंय. उद्या सकाळच्या गाडयेक. मास्तरांनी पत्र धाडलेला आसा थंय."

मला कळेना. "बुधवारी? आणि आज गावान नाय म्हटल्यानी असता तर?"

"तर नाय म्हटल्यानी असता. मी गेलंय असतंय."

"मग माका थंय देवासमोर कित्याक उभा केलंस गो?"

"माझ्यासाठी नाय केलंय," ती म्हणाली. "मी जातलंय, तुमी ह्या घरात ऱ्हवतलास. दाजी रोज येवन ओट्यार बसतलो. तुमका एकदा तरी तेच्यासमोर तोंड उघडूक येता काय, ता बघून जावचा होता." मग दौत बंद करता करता, जणू बाजारभाव सांगावा तसं म्हणाली, "तुमच्यात कोणाक नाय म्हणूक येणा नाय, बाबा. माका येता."

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रंक मीच डोक्यावर घेतली. खाडीवर तुळसा उभी होती, तिने जानकीच्या हातात केळीच्या पानात बांधलेले सुके बांगडे दिले आणि म्हणाली, थंयच्या लोकांक खावंक येणा नाय. दाजी आला नव्हता. त्याचं एक पत्र आलेलं पडून होतं, ते वाचायला त्याला आता मास्तरांची सुट्टी बघावी लागणार होती.

होडी सुटली तसा मी रडलो, भर सकाळी, लोकांदेखत. होडीवाल्याला वाटलं मुलगी दूर जाते म्हणून रडतोय. ते होतंच, नाही म्हणत नाही. पण मला दुसरंही दिसत होतं. अख्ख्या गावात नाय म्हणता येणारं एकच माणूस होतं, आणि ते आम्ही सगळ्यांनी मिळून, देवासमोर व्हय म्हणून, परगावी पाठवून दिलं होतं.